सखूचं पथ्य

डोळ्यात भिंग बसवून सखू खेडहून परत आली ती काळा चष्मा लावूनच. डॉक्टरांनी बजावलं होतं: ओणवं व्हायचं नाही, जड उचलायचं नाही, धुरात जायचं नाही. शिमग्यापर्यंत पथ्य. एवढं काढून टाकल्यावर सखूच्या जन्मात उरत होतं काय?

तिची बाळंतपणं सगळी पावसाळ्यातली. बारशाचा पाळणा हलायच्या आत ती लावणीच्या चिखलात उभी असायची. आता साठी उलटल्यावर पडवीत बसून आयता चहा मिळत होता. मुलगा मुंबईला. चूल, गुरं, पाणी सगळं सून ज्ञानेश्वरी बघत होती.

शेजारची येसूबाई कुंपणावरून म्हणाली, "चष्मा लावून बसलीस, जशी काय मुंबयची शेठाणी."

"शेठाणी नाय गो, बाळंतीण. तेव्हाची ऱ्हायलेली, आता बसलेय."

शिमगा झाला, पालखी देवळात परतली. सखू एकटीच एसटीने खेडला जाऊन आली. डोळा छान झालाय, आता काम करा, म्हणाले डॉक्टर. घरी येऊन तिने सांगितलं, "आणखी थोडे दिस धूर नको म्हणालेत."

"डोळा हाय का तान्हं पोर?" रावजी, तिचा नवरा, कुरकुरला, पण डॉक्टरचा शब्द, मोडणार कोण?

भाजावळीचे दिवस आले. भाताचं रोप टाकायची जमीन पालापाचोळा पसरून भाजायची, म्हणजे आधी रानातून झाडांचे टाळे, पानांसकट डहाळ्या, तोडून भारे वाहायचे. दोघींचं काम ज्ञानेश्वरी एकटी ओढत होती. सखू पडवीतून बघत होती, आणि काळ्या काचेतून सगळं जरा लांबचं वाटत होतं.

एका संध्याकाळी घाम पुसायला तिने चष्मा काढला. त्याच वेळी सुनेने अंगणात भारा टाकला आणि ती खाली वाकली. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून सखूने तिला मळभातूनच पाहिलं होतं. आज प्रथमच नीट दिसली. पोरीच्या टाळूवरचे केस ओझ्याने विरळ झाले होते. सखूचा हात आपोआप स्वतःच्या टाळूवर गेला. तिथेही तसंच होतं, फार जुनं.

"आये, चष्मा लावा. चूल पेटवतेय."

"ऱ्हावदे. डोळा कधीचाच बरा झालाय."

"म्हायत हाय मला."

"मग बोलली नाहीस ती?"

ज्ञानेश्वरीने भाऱ्याची गाठ सोडली. "बसला होतात, बसू दे म्हटलं. घरातली एक तरी."

सखूने हातातला चष्मा मिटला. बसायला मिळालं तेवढं पुरे झालं नव्हतं. पुरे कधी झालंच नसतं.

सकाळी रावजी शेताकडे निघाला, तर काळा चष्मा लावून सून पडवीत बसलेली.

"हिला काय झालं?"

"डोळे आलेत तिचे," सखू म्हणाली. "जवळ जाऊ नका, साथ हाय."

पदर कमरेला खोचून ती चोंढ्यात, घराखालच्या भातखाचरात, उतरली, कण्हत ओणवी झाली आणि पाल्याला काडी लावली. धूर आला तसं नव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. जुन्या डोळ्यातूनही वाहत होतं. तिने ते पुसलं नाही. हात मोकळे नव्हते.