तिकीट कॅन्सल करा, भिया

इंदूरला, आमच्या पलासियाच्या बिल्डिंगमधल्या वकीलबाई सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणतात, अगदी मला बाईलासुद्धा. आणि चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो.

त्यांची एक अशील श्रीलंकेची. इथल्या नवऱ्याच्या मारहाणीची तिनं तक्रार केली, तर त्यानं तिच्या व्हिसाच्या कागदांवर सही करणंच सोडलं. तिला देश सोडायची नोटीस आली. वकीलबाई हायकोर्टात गेल्या. परवा नोटिशीला स्थगिती मिळाली, तेव्हा मीही तिथे होते.

बाहेर नवरा तिचं विमानाचं तिकीट घेऊनच उभा.

"भिया," वकीलबाई अगदी हळू म्हणाल्या, "कॅन्सल करवा लो. ह्या कुठे जात नाहीत. तुमच्याविरुद्ध साक्ष कोण देणार?"

शेजारी उभ्या अनोळखी माणसाला मी उगाचच सांगितलं, "आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात."