हवावू वहिनी दोनदा विचारते

तुमू गावच्या दवाखान्यात झाडलोट करणारी हवावू माझी वहिनी. लांबुसीकडून आमच्या घरी नांदायला आली त्याला बावीस वर्षं झाली. तिकडची भाषाही आमच्यासारखी सिसालाच, पण सूर वेगळा, बरेच शब्द वेगळे. तिनं तोंड उघडलं की मी नक्कल करायचे आणि सगळं घर हसायचं.

नर्सबाई दक्षिणेकडच्या, त्यांना सिसाला ओ की ठो कळत नाही. त्यामुळे पेशंटचं म्हणणं वहिनीच त्यांना सांगते, पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून. मी गेटपाशी चवळीचे वडे तळते. वैतागून म्हणायचे, "अगं, कोर्टात साक्ष द्यायचीय का?"

त्या सकाळी लांबुसीकडची एक पोरसवदा आई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. तापानं त्याला झटके येत होते. वहिनी मागं पाणी भरत होती, म्हणून मीच आत घुसले.

"घरी काही औषध पाजलं का, विचारा लवकर," नर्सबाई म्हणाल्या.

मी विचारलं. ती रडत भरभर बोलली. मला 'पाणी पाजलं' एवढं ऐकू आलं.

"नुसतं पाणी," मी ठासून सांगितलं.

नर्सबाईंनी झटके थांबवायची सुई भरली. तेवढ्यात वहिनी आली आणि तिनं सरळ त्यांचं मनगट धरलं. मला वाटलं, हिची नोकरी गेली, आणि ते पोरही.

"सोड," नर्सबाई ओरडल्या.

"एकदा विचारू द्या."

"मी विचारलंय ना," मी म्हटलं. "मला काय आपली भाषा कळत नाही?"

"तुमची कळते, वन्सं. तिची नाही."

वहिनीनं विचारलं. मग पुन्हा विचारलं. त्या आईनं लुगड्याची गाठ सोडली. आत दोन पांढऱ्या गोळ्या उरल्या होत्या. फेरीवाल्याकडून घेऊन बाकीच्या तिनं पाण्यात कालवून पाजल्या होत्या.

नर्सबाईंनी गोळी उलटून पाहिली. "झोपेची आहे. वर ही सुई गेली असती तर श्वास थांबला असता." त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि लेकराच्या तोंडावर ऑक्सिजन लावला.

दुपारपर्यंत मी दारातच उभी. गेटपाशी कढईतलं तेल जळून गेलं, कुणाला भान होतं? शेवटी लेकरू रडलं. मीही रडले, शरमेनं.

आत वहिनी त्या आईशी त्यांच्या बोलीत बोलत होती. मोठ्यानं, न अडखळता, थट्टा करत. ती पोरगी रडता रडता हसली. आमच्या घरात वहिनी मोजकंच बोलते. मला इतकी वर्षं वाटायचं, तिचा स्वभावच अबोल.