सोवळ्यातली तसबीर
तसबीर काढण्यासाठी काचेवर ओतायच्या औषधाचा उग्र वास आला की मला गाविलगडावरचा तलाव आठवतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे तेव्हा आमच्या अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव होता, आणि हवेत जिकडेतिकडे कापसाचे तंतू उडत. तसबिरीची काच ओलीच कॅमेऱ्यात घालावी लागे. तिला तंतू चिकटले की सगळे ठिपकेच उमटत. वर्षभरात एक काच धड निघाली नव्हती. हा नाद सोडायचाच, पण त्याआधी एकदा डोंगरावर जाऊन बघू म्हणून सामान बैलावर लादून गड चढलो. सुती धोतराचाही भरवसा नको, म्हणून पूजेचं रेशमी सोवळं नेसलो. तलावाचं पाणी इतकं निवांत होतं की समोरच्या बुरुजाचा चिरा न् चिरा त्यात दिसत होता. तसबीर घेतली, काच धुतली आणि चित्र उठून दिसावं म्हणून काळ्या मखमलीवर धरली. काठाशी एक पांढरा ठिपका होताच. मागे उभा असलेला म्हातारा गवळी वाकून बघत म्हणाला, "थो बगळा हाय जी. मघापासून तिथंच उभा हाय." पाण्याकडे पाहिलं, तर खरंच बगळा. मी हसत सुटलो. मग गवळ्याने विचारलं, "पूजा झाली असन तं म्हशी पाण्यावर सोडू का? तुमचं सोवळं पाहून कवापासून अडवून ठेवल्या." पाणी एवढं स्थिर का होतं, ते तेव्हा कळलं. "झाली," मी म्हणालो. ती काच आजही माझ्या देवघरात आहे.