कूलरखालचं तळं

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला अमरावतीच्या घरातली एक सकाळ आठवते. आमची म्हातारी, शहाणी कुत्री त्या उन्हाळ्यात अचानक घरातच मुतायला लागली होती, तेही रोज कूलरखाली, गार फरशीवर. "पुन्हा ओलं दिसलं त हिले भातकुलीच्या वावरात सोडून येतो," असं बाबांनी जाहीर केलं. मी रडकुंडीला येऊन तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ही खोडी नाही, हिले लघवीचं इन्फेक्शन हाय. रागावू नका, गोळ्या द्या." गोळ्यांनी गुण आला, आठवडाभर फरशी कोरडी राहिली, आणि त्या सकाळी कूलरखाली पुन्हा हे भलंमोठं तळं! कुत्री कोपऱ्यात अंग चोरून बसली. बाबा न्यायाधीशाच्या चालीने आले, गुडघ्यांवर बसले, त्यात बोट बुडवलं, हुंगलं आणि ओरडले, "अबे, पाणीच हाय! कूलर गळून राहिला!" गळक्या कूलरचा एवढा जल्लोष अख्ख्या वऱ्हाडात कुणी केला नसेल. "सुटली वं माय तू," म्हणत बाबांनी आपल्या नाश्त्यातली अर्धी पोळी तिला भरवली. आजही कूलर गळला की मी आधी बोट बुडवून हुंगतो. घरचे हसतात, पण मला दर वेळी हायसं वाटतं.