सासूबाईंची पिशवी आणि माझं सस्पेन्शन

हसायचं नाही, आधीच सांगतो. निदान चहा संपेपर्यंत तरी नाही! वीस वर्षं गाड्यांच्या चाकांखाली घालवलेल्या इंजिनिअरला एका कापडी पिशवीने कसं उताणं पाडलं, ते आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

तर आमचा गाळा वसई पूर्वेला. तिथे आम्ही विजेवर चालणारी छोटी चारचाकी बनवतोय, स्टेशनपासून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत माणसं न्यायला. सस्पेन्शन माझ्याकडे. म्हणजे खड्डा चाकाला कळावा, माणसाला कळू नये, एवढंच माझं काम.

पहिली गाडी, म्हणजे प्रोटोटाइप, काय झाली होती राव! चारही चाकांना वेगवेगळी स्प्रिंग, धक्के गिळायला भारीतले शॉकअप. प्रत्येक ब्रॅकेटला चार-चार भोकं. का? तर आपल्यालाच खात्री नसते, म्हणून शॉकअप कधी वरच्या भोकात लावून बघायचा, कधी खालच्या. प्रॉडक्शनला जाताना त्यातलं एकच भोक उरतं. बाकीच्या तीन शंका बुजवायच्या आणि कागदावर सही ठोकायची. सही झाली की डाय, म्हणजे भागांचे साचे, बनायला जातात, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्याच सह्या बघितल्यावर ही माझ्या आयुष्यातली पहिली सही!

आता चाचणीला माणूस हवा. माझ्या सासूबाई राजोडीच्या, फुलांची वाडी करणाऱ्या. कंबरेचं जुनं दुखणं, दर मंगळवारी विरारला डॉक्टरकडे जायचं. म्हटलं, "आई, रिक्षात कशाला हाल? माझ्या गाडीतून चला." मनात म्हटलं, दुखऱ्या कंबरेइतकं अचूक यंत्र कुठे मिळणार? हुशारी बघा माझी!

पहिल्या मंगळवारी विचारलं, "आई, कशी वाटली?"

"छान आहे हो, जावईबापू. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटलं."

मग आमचे मालक दिनेशशेठ खर्च कमी करायला बसले. मागच्या स्प्रिंगा गेल्या, टेम्पोसारखे लोखंडी पट्ट्यांचे पाटे आले. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो." भारीतले शॉकअप जाऊन साधे आले. "छान आहे हो." चारच्या जागी सहा माणसं कोंबणारच, म्हणून आणखी एक पाटा वाढवला.

"आधीपेक्षा बरी!"

मी तर हवेत! शेठना म्हटलं, "स्वस्त पण झाली आणि सुधारली पण!"

"नक्की?"

"शेठ, कंबर खोटं बोलत नाही."

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. सासूबाईंची कापडी पिशवी दर मंगळवारी फुगत चालली होती. मला वाटायचं, डॉक्टरांना केळी, भाजी नेत असतील. वाडीवाली माणसं रिकाम्या हाताने कुठे जातात का?

सहीच्या दिवशी शेठ म्हणाले, "मी स्वतः बसून बघतो." मंगळवारच होता. मी चालवायला, मागे एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला शेठ. पहिला स्पीडब्रेकर आला आणि धाड! शेठचं डोकं छताला.

"आई गं! अरे, गाडी आहे का उखळ आहे ही?"

शेजारी सासूबाई शांत.

"मावशी, तुम्हाला काहीच झालं नाही?"

सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. जराशा उठल्या आणि बुडाखालून एकेक वस्तू काढू लागल्या. घडी घातलेली गोधडी. मग उशी. मग नातवाची छोटी गादी.

"पयल्या खेपेला काय नव्हतं आनलं," त्या ओशाळून म्हणाल्या. "मग जशी जशी गाडी सुधारत गेली, तसं एकेक वाढवलं."

"अहो आई, मला सांगायचं ना!"

"जावयाने एवढ्या हौसेनं बसवलं, वाईट कसं म्हनू? आनि तुमची सही अडकली असती."

तुम्ही हसताय. मला तेव्हा नाही हसू आलं, लाज वाटली. माझी सही व्हावी म्हणून ही बाई दुखऱ्या कंबरेवर धक्के सोसत होती. आणि मी शहाणा तिला असा प्रश्न विचारत होतो, ज्याचं सासूकडे एकच उत्तर असतं! दोन महिने वहीत मी जे लिहीत होतो, तो सगळा सासूबाईंचा चांगुलपणा होता.

शेठ डोकं चोळत म्हणाले, "सही थांबव."

महिनाभर पुन्हा खटपट. मागच्या स्प्रिंगा परत आल्या, मधल्या भावातले शॉकअप मिळाले. आणि मी ठरवलं, आता आईंना विचारायचंच नाही. फक्त पिशवी बघायची.

गेल्या मंगळवारी त्या आल्या, हातात पिशवी नाही! मी सीटवर हात फिरवून पाहिला, तिथेही काही नाही. विरारपर्यंत ताठ बसून राहिल्या, हूं नाही की चूं नाही. खरं सांगतो, मला भरून आलं. चंदनसारला घरी येऊन बायकोला म्हटलं, "सुजाता, पेढे आण! उद्या सही!"

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, आईने कमरेचा पट्टा घेतलाय. साडीच्या आतून बांधते. तुला सांगू नको म्हणाली."

तो कागद अजून टेबलावर तसाच पडलाय. आता चाचणीला मागच्या सीटवर मीच बसतो. सासूबाईंना कुठून तरी कळलं, त्यांनी लगेच गोधडीची पिशवी पाठवून दिली. जावयाचे हाल नकोत म्हणून.