पश्चिमेची शेवरी आणि अंतराळातल्या चौक्या

मी भांडखोर आहे हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. दूधवाल्याशी भांडते, गॅसवाल्याशी भांडते, शाळेत हेडमास्तरांशीही माझं एकदा तरी वाजलेलं असतंच. पण कॉम्प्युटरवरच्या त्या अंतराळाच्या खेळात मी आजवर कुणाच्या ग्रहावर स्वतःहून एक गोळी झाडलेली नाही. शेजारी भेटला की तह करायचा, त्याच्या जहाजांना रस्ता द्यायचा, व्यापार वाढवायचा आणि जिंकता आलं तर तसंच जिंकायचं. माझा चुलत भाऊ मला चिडवायचा, "ताई, तू अंतराळात राज्य नही, पंचायत चालवून राहिली."

तो आमच्या गावी, दापोऱ्याला राहतो. कॉलेज करून शेतीत परतला. मी लग्नानंतर बऱ्हाणपुरात, शाळेत शिकवते. रविवारी दुपारी उन्हामुळे शेतात उभं राहता येत नाही, तेव्हा तो घरात बसायचा आणि मी इकडे. आम्ही दोघं एकाच नकाशावर खेळायचो. बोलायचं ते खेळातल्याच निरोपाच्या चौकोनात. त्याची तऱ्हा माझ्या उलट. दिसला ग्रह की घे, भेटला शेजारी की दाब. फक्त माझ्या वाटेला तो जात नसे, कारण मी ताई.

मग दिवाळीनंतर वाटणी झाली. अप्पा म्हणजे माझे वडील, आणि काका, म्हणजे त्याचे. एकत्र होतं तेव्हा केळी अप्पांनी बघायची आणि शेवरी काकांनी, असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. आमच्याकडे केळीच्या पश्चिमेला शेवरीच्या झाडांची उंच दाट रांग लावतात. उन्हाळ्यात त्या अंगाने जो वारा सुटतो तो पानं फाडतो, आणि घड लागलेली केळ मुळासकट आडवी करतो. शेवरी तो वारा अंगावर घेते. म्हणून आमच्या घराण्यात रीत होती की केळीचा पहिला घड शेवरी सांभाळणाऱ्याच्या घरी जायचा. काकांच्या घरात आढ्याला दोरी होती, तिला तो घड पिकायला टांगलेला मी लहानपणापासून बघत आले.

वाटणीत केळीचा बाग अप्पांकडे आला आणि पश्चिमेचा तुकडा काकांकडे गेला. शेवरी नेमकी काकांच्या हद्दीत राहिली. काकांनी आपल्या तुकड्यात यंदा केळी लावलीच नाही. त्यांच्या पिकावर शेवरीची सावली पडत होती, तिची मुळं त्यांचं पाणी ओढत होती. बोलणं तर दोन्ही घरांत बंदच झालेलं. फाल्गुनात केळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, आणि पाडवा झाल्यावर गावातल्या एका माणसाकडून निरोप आला की येत्या सोमवारी काका शेवरी तोडणार आहेत.

मी अप्पांना फोन केला. म्हटलं, तुम्ही जा, बोला, चार माणसं बसवा. अप्पा म्हणाले, "त्याची हद आहे. तो तोडीन."

"आणि बाग?"

"बाग आहे की उभा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराची मेहनत, घड लागलेल्या केळी, समोर वैशाख, आणि हा माणूस म्हणतो उभा आहे.

वाटणीनंतरही आमचा रविवारचा खेळ मात्र चालू होता. शेताबद्दल आम्ही एक अक्षर काढत नव्हतो. दोन घरांमध्ये तेवढी एकच खिडकी उघडी राहिली होती आणि ती कुणी मुद्दाम लावत नव्हतं.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी खेळ उघडला तर त्याचा निरोप आधीच येऊन पडला होता. "ताई, हे काय आहे? सच सांग."

त्याच्या टेहळणीच्या जहाजाला माझ्या चौक्या सापडल्या होत्या. आमच्या नकाशात पश्चिमेच्या कडेने अधूनमधून लुटारूंच्या टोळ्या येत; त्या कॉम्प्युटर चालवायचा. भावाचं राज्य पश्चिमेला, माझं त्याच्या पूर्वेला. वाटणी व्हायच्या आधीपासून मी हळूहळू त्याच्याही पलीकडे, मोकळ्या जागेत, तोफांच्या चौक्यांची एक रांग उभी केली होती. टोळी आली तर तिथेच अडेल, तो वाचेल आणि त्याच्या मागे मीही वाचेन. त्याला सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे शेवरी लावताना कुणी शेजाऱ्याला सांगायला जातं का? ती लावायची असते. दापोऱ्यात वाढलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

पण वाटणी झालेल्या घरातल्या पोराला ती रांग वेगळी दिसली. पूर्वेला मी, पश्चिमेलाही माझ्या तोफा. त्याने लिहिलं, "दोन्ही साइडने घेरून ठेवलं तू मला. पप्पा बरोबर बोलतात. तुमच्या पोटात एक अन् ओठात एक."

मग खेळाचा अधिकृत इशारा आला: चौक्या काढा, नाहीतर तह मोडला समजा. बघता बघता त्याची सगळी जहाजं माझ्या हद्दीला येऊन भिडली. सगळी. मागे त्याने काही ठेवलं नाही.

आता शांततेने खेळणाऱ्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, याच्याकडे काठी नसेल म्हणून हा हात जोडतो. माझा ताफा त्याच्या दुप्पट होता. दारात कुत्रं बांधलेलं असलं की भांडणाची वेळ येत नाही, म्हणून मी तो कायम मोठा ठेवायची. त्या दुपारी मी तो पहिल्यांदा त्या नजरेने पाहिला. हद्दीवरची त्याची जहाजं तासाभरात संपली असती. मग त्याचे ग्रह एकेक करून माझे. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? सोमवारी त्याचे वडील माझ्या वडिलांचा बाग वाऱ्यासमोर उघडा टाकणार होते, आणि इथे माझ्या हातात त्याचं सगळं राज्य होतं. मी निरोपाच्या चौकोनात लिहिलं, "उद्या शेवरीला हात लागला तर आज इथे तुझं काही शिल्लक ठेवणार नाही."

ते वाक्य बराच वेळ तसंच पडद्यावर होतं. पाठवायच्या बटणावर बोट होतं, पण दाबवेना. खेळातली धमकी देऊन खरी शेवरी वाचवायची म्हणजे ती एकुलती खिडकीही मीच फोडायची. आणि तो घाबरून थांबला असता, तर पुढल्या वर्षी काय? त्याच्या पुढल्या वर्षी? मी वाक्य पुसलं. पुसताना रागाने डोळे भरून आले होते, शांती वगैरे काही वाटत नव्हती.

चौक्या पाडायलाही माझं मन होईना. मी त्या त्यालाच देऊन टाकल्या. खेळात भेट द्यायची सोय आहे; सगळी रांग निवडली आणि त्याच्या नावावर केली. लिहिलं, "घे. तोफा पश्चिमेकडे आहेत, तुझ्याकडे नाहीत. बघून घे."

त्याने बघितलं की नाही देव जाणे. त्याला हा डाव वाटला असणार. त्याने एकेक चौकी मोडायला घेतली. मोडलेल्या चौकीचं सामान मिळतं, त्याची त्याने आणखी जहाजं बांधली आणि तीही माझ्या हद्दीवर आणून लावली. मी बघत बसले. महिनोन्‌महिने लावलेली रांग डोळ्यांसमोर विरळ होत गेली. चहा गार होऊन गेला.

आणि त्याच दुपारी टोळी आली. नकाशाच्या पश्चिम कडेला लाल ठिपके उमटले, रांग मोडलेली होती तिथूनच आत शिरले. त्याचा कडेचा पहिला ग्रह जळाला. दुसरा जळायला लागला. त्याची जहाजं पार दुसऱ्या टोकाला, माझ्यासमोर छाती काढून उभी. वळून परत जाईपर्यंत काही उरलं नसतं. माझी वेगवान होती, पण त्यांना त्याच्या राज्याच्या पोटातून जायला हवं होतं, आणि परवानगीशिवाय पाऊल टाकलं की तेच युद्ध.

मी लिहिलं, "रस्ता दे."

दुसरा ग्रह गेला.

"अरे रस्ता दे. मी थांबवते त्यांना."

त्याच्या जागी मी असते तर दिला असता का? शत्रूचा दुप्पट ताफा आपल्या घरात घ्यायचा, तोही वाटणीनंतर, तोही त्या बाईचा जिने आपल्याला घेरलं असं आपल्याला वाटतंय. मी ओरडत होते पडद्यावर, शेजारच्या खोलीतून यजमानांनी विचारलंही काय झालं म्हणून. मग एकदम हद्दीची रेघ हिरवी झाली. रस्ता उघडला होता.

माझा ताफा त्याच्या राज्यात शिरला. दोन्ही बाजूंना त्याचे ग्रह होते, एकावरही राखण नव्हती. पाहिजे तो घ्यावा. माझ्या मनात ते त्या क्षणीही आलं, आणि आलं म्हणून सांगते, कारण जे मनातच येत नाही ते टाळण्यात कसलं मोठेपण? ताफा सरळ पुढे गेला, टोळीला भिडला, आणि टोळी मागे हटली. माझी बरीच जहाजं गेली. उरलेली मी जिथे चौक्या होत्या त्या जागेवर नेऊन उभी केली.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. "ताई, तू तर माझं सगळं घेऊ शकत होती."

"हो," मी लिहिलं. "आलं होतं मनात."

"मग?"

आता शेवरीचं बोलायला याहून चांगली वेळ नव्हती. जिभेवर आलं होतं. पण तेव्हा बोलले असते तर तो सौदा झाला असता, मी तुझे ग्रह वाचवले, तू माझी शेवरी वाचव. मी लिहिलं, "मग काही नाही. जेवलास का?" तो खेळातून निघून गेला.

सोमवारी मी शाळेत रजा टाकून सकाळी दापोऱ्याला पोचले. बांधावर गेले तोवर शेवरी तुटायला लागली होती. काकांनी दोन माणसं लावली होती, आणि तिसरा कोयता माझ्या भावाच्या हातात होता. म्हणजे रविवारची ती सगळी दुपार पाण्यात, असंच मला वाटलं. दक्षिणेकडून रांग मोकळी झाली होती आणि त्या फटीतून अप्पांच्या केळी दिसत होत्या, लटकलेल्या घडांसकट. अप्पा आपल्या बाजूला उभे होते.

भावाने मला पाहिलं. कोयता थांबला नाही. आणखी एक झाड पडलं, मग आणखी एक. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं, लहानपणी बैलगाडी जवळून जायची तेव्हा धरायचे तसं घट्ट.

मग भावाने कोयता खाली टाकला. "पप्पा, बाकी केळी कटल्यावर तोडू."

काका म्हणाले, "आज माणसं लावली आहेत. तू मला शिकवून राहिला का?"

"शिकवत नही. मी नाही तोडत. तुम्हाला तोडायची तर तोडा."

काकांनी कोयता उचलला. शेवरीसमोर गेले. तिथे उभे राहिले, इतका वेळ की लावलेली माणसंही एकमेकांकडे बघायला लागली. ही शेवरी त्यांनीच लावलेली होती, दर वर्षी तेच तिची छाटणी करायचे. मग ते घराकडे चालू लागले. माणसं मागोमाग गेली. अर्धी रांग उभी राहिली.

वैशाखात व्हायचं ते झालंच. एका संध्याकाळी वावटळ उठली आणि फटीसमोरच्या केळी ओळीने आडव्या झाल्या, कोवळ्या घडांसकट. उभ्या शेवरीमागचा बाग वाचला. मी पडलेल्या केळींमधून फिरले आणि काकांना मनात जितक्या शिव्या देता येतात तितक्या दिल्या.

ज्येष्ठात कापणी लागली. अप्पांनी पहिला घड कापला, खांद्यावरून उतरवून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काकाकडे देऊन ये."

"ज्यांनी तोडली त्यांना? अर्धा बाग झोपला अप्पा!"

"जितकी शेवरी राह्यली तितकीचा घड," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या घडाकडे वळले.

मी घड खांद्यावर घेतला. चीक ओढणीला लागला, तोही राग मी काकांवरच काढला. दार भावाने उघडलं. काका आत खाटेवर बसले होते. मला पाहून उठले. मला घड टेकवायचा होता आणि निघायचं होतं.

"खाली नको ठेवू," काका म्हणाले.

मी वर पाहिलं. आढ्याला दोरी होती. जुनी नव्हे, काथ्याची नवी, पिवळी, एकदाही वजन न पेललेली.

"पप्पांनी आखाजीला बांधली," भाऊ हळूच म्हणाला.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. शेवरी तोडल्यानंतरची. वावटळीच्याही आधी. काकांनी हात पुढे केले, मी घड खांद्यावरून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना एकट्याला तो उचलेना म्हणून खालून धरून उभी राहिले.