हलकी गाडी

चहा आधी ओतून घ्या, कारण मधेच थांबलो तर पुढचं सांगायची मलाच लाज वाटेल. गोंधळ माझ्या हातून आयुष्यभर झालेत. पण दोन बैलांसमोर मान खाली घालायची वेळ एकदाच आली.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि पनवेलला दोन खोल्यांत राहत होतो. दिवसभर कंपनीच्या नटबोल्टांची ड्रॉइंगं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची गाडी बांधायची. गाडी म्हणजे खरी नव्हे हो. रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकात मला साठ वर्षांपूर्वीच्या रेसच्या गाडीचा फोटो मिळाला होता. लांबलचक नाक, उघडी चाकं, मागे निमुळती शेपटी. तिचं हातभर लांबीचं हुबेहूब मॉडेल करायचं, आणि तेही एकही तयार भाग न आणता, असं मी मनाशी ठरवलं.

पत्रा दुधाच्या पावडरीच्या डब्याचा. पुढची जाळी चहाच्या गाळण्याची. धुराच्या नळ्या म्हणजे बॉलपेनच्या संपलेल्या रिफिली. चाकांच्या तारांना कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉन दोरा, एका चाकाला साठ तारा. सीटसाठी बायकोची पर्स कापली. ती जुनी आहे असा माझा प्रामाणिक समज होता. अडचण एकच, फोटो डाव्या बाजूचा होता. उजव्या बाजूला काय असतं हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं, त्यामुळे गाडी डावीकडून राजबिंडी आणि उजवीकडून पावडरीचा डबा दिसायची.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वेळ छान जातो की तुमचा." कौतुक म्हणून कुणी केलं नाही. कौतुकाला माणूस इतका उपाशी असला की त्याची अक्कल कशी गहाण पडते, ते आता ऐका.

चाकांच्या रिंगा मी स्टँडमागच्या एका लेथवाल्या चाचांकडून काढून आणत असे. ते त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल सांगत, "साहेब शर्यतीची गाडी बनवतात. माशाल्ला, बोटावर उचला इतकी हलकी."

आता मला सांगा, पनवेल-उरणच्या गावांत शर्यतीची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? तुम्हाला कळलं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण माझ्या डोक्यात दोन वर्षं एकच गाडी फिरत होती.

एका रविवारी उलव्याकडच्या गावातले हिराजीशेट दारात उभे. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवीभर वाल.

"शर्यतीच्या गाड्या बनवता ते तुमीच ना?"

माझे कान तृप्त झाले. "गाड्या नाही हो. एकच गाडी आहे."

"आमाला पन एकच पायजे."

मी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"गेल्या साली जड गाडीनं घात केला बगा," ते म्हणाले. "आमच्या जोडीला तोड नाय, पन गाडी मागं खेचते. यंदा जतरंत नंबर नाय आला तं जोडी इकून टाकीन, असं सगल्या गावादेखत बोललोय. पोरासारकी वाडवलीय ती जोडी, सायेब."

त्यांचे डोळे भरून आले. मी मात्र कोड्यात. जत्रेत मॉडेलांची शर्यत असते हे मला नवीन होतं. पण सरकारने घेतलेल्या जमिनींचे पैसे आल्यापासून गावात नवनव्या हौशी निघत होत्या, त्यातलीच ही एक असेल. आणि जोडी म्हणजे? विचार करकरून मी ठरवलं की जुळे कार्ब्युरेटर असावेत. कार्ब्युरेटरसाठी रडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. मला ते आपल्यातलेच वाटले.

"पाव किलोच्या आत बसवतो," मी म्हणालो.

हिराजीशेट मांडीवर थाप मारून हसले. "सायेब मस्करी करतात."

"मस्करी कसली? दाखवलीच असती, पण रंग ओला आहे. आतल्या खोलीत झाकून ठेवलीय."

त्यांनी आतल्या खोलीच्या अरुंद दाराकडे नीट बघितलं. "मंग भाईर कशी काडनार?"

"हातात धरून."

त्यांनी माझे दंड निरखून बघितले.

"रंग लालच ठेवू ना?" मी विचारलं. "आणि नंबर कितवा टाकू?"

"पयला. दुसरा कशाला टाकता?"

"चालवणारा कोण?"

"आमचा जावय, रमाकांत."

"मग त्यांचा फोटो लागेल."

"फोटू कशाला?"

"फोटोशिवाय मी त्यांना आत बसवणार कसा?"

पुढच्या रविवारी त्यांनी निमूट फोटो आणून दिला. लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. शिकलेला माणूस विचारतोय म्हणजे काहीतरी कारण असेल, असा त्या भल्या माणसाचा हिशेब.

बायको म्हणाली, "अहो, तो शेतकरी माणूस तुमच्या खेळण्यासाठी एवढ्या लांब येईल का? मला यात काहीतरी गडबड वाटते."

"खेळणं नाही, मॉडेल. आणि तुला नेहमीच गडबड वाटते."

महिनाभर मी जिवाचं रान केलं. दोन वर्षांची माझी गाडी मी त्या माणसाला द्यायला निघालो होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. काडेपेटीच्या काड्या आणि एम-सील यांचा रमाकांत केला. मिशी तशीच ठेवली, मुंडावळ्या काढून गॉगल घातला, आणि पाय लांब करून, मागे रेलून त्याला सीटवर बसवला.

जत्रेच्या दिवशी गाडी बुटाच्या खोक्यात कापसावर निजवून मी गावात पोचलो. शेतं कापून मोकळी झालेली, त्यांवर हीऽ गर्दी. हिराजीशेट धावतच आले.

"गाडी आली?"

"आली."

"मंग टेंपो कुटंय?"

"टेंपो कशाला?" असं म्हणून मी खोकं उघडलं.

भोवती पन्नासेक माणसं होती. सगळ्यांनी एकदम आत वाकून बघितलं.

"हा नमुना झाला," हिराजीशेट हळूच म्हणाले. "मोठी कुटंय?"

"मोठी परदेशात आहे."

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल घातलेली ती जोडी. चांगले धिप्पाड, पांढरेशुभ्र दोन कार्ब्युरेटर. त्यातल्या एकाने खोक्यात तोंड घातलं, हुंगलं आणि फुर्र करून मान फिरवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

रमाकांतने स्वतःला ओळखलं. "मामा, मला चष्मा लावलाय."

हिराजीशेट बांधावर जाऊन बसले. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "जुनीच जोडा रे," आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या टोपीकडे मला बघवेना. माझ्या मूर्खपणापायी त्यांची जोडी दावणीवरून जाणार होती.

इथेच मी एसटी पकडून घरी यायला हवं होतं. पण नाही. मी म्हणालो, "शेट, शर्यतीला अजून तास आहे. आपण हीच गाडी हलकी करू."

मी जुन्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या. रेसच्या गाडीतून नको ते सगळं काढून टाकायचं, हे शास्त्र मला पाठ होतं. बाजूच्या पट्ट्या काढल्या. मागची आडवी फळी काढली. पुढची, पायाशी असलेली जाड फळी मला अगदीच फुकटचं वजन वाटली, तीही ठोकून काढली.

"सायेब, आता पाय कुटं टेकू?" रमाकांतने विचारलं.

मी खोक्यातला रमाकांत त्याला दाखवला. "टेकायचे नाहीत. हे बघा, असे लांब करायचे आणि मागे रेलायचं."

"मागं हाय काय रेलायला?"

"एकदा वेग आला की लागत नाही," मी म्हणालो. कशाच्या आधारावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

शर्यत सुटली. आणि काय पळाली हो ती जोडी! मागे गाडी आहे हे जणू त्यांना माहीतच नव्हतं. सगळ्यांच्या पुढे, चांगली चार कासरे पुढे. मी नाचत होतो, हिराजीशेट नाचत होते. अर्ध्या वाटेवर एक मोडका बांध होता. गाडी तिथे उडाली, खाली आली आणि तशीच पुढे गेली. रमाकांत बांधावरच राहिला.

गाडी पहिली आली. दुसरी, तिसरी आणि चौथी गाडी येऊन गेल्यावर लेंगा झटकत रमाकांत आला. लागलं कुठेच नव्हतं, भाताच्या पेंढ्यात पडला होता.

पंचांनी मान हलवली. "हाकनारा नाय तं नंबर नाय."

मी हिराजीशेटसमोर हात जोडून उभा राहिलो. त्यांनी आधी दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मग टोपी डोक्यावर घातली.

"जोडी काय मी इकत नाय आता. पयली आली ते सगल्या गावानं बगितलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे समजावून सांगितलं, "पन सायेब, मी गाडी हलकी करा म्हनलो व्हतो. रिकामी करा नाय म्हनलो."